जव्हारचे कुपोषण, तीन विद्यापीठे
भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे तान्ह्या मुलांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर काही मुलांचे वजन घसरलेले दिसते. कारण आजार, अपुरा आहार की दूषित पाणी? बहुधा तिन्ही. वावर-वांगणीतील १९९२ च्या बालमृत्यूंनंतरही या प्रश्नाचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांतच राहिले.

बहुविद्याशाखीय संशोधनाला विद्यापीठे स्वतःच्या तिजोरीतून निधी देतात. पण महाराष्ट्रात वैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, नागली दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, तर स्थलांतराचा अभ्यास मुंबई विद्यापीठाकडे. अंतर्गत निधी सहसा आपले कुंपण ओलांडत नाही. मग बालरोगतज्ज्ञाच्या अर्जात जोडीदार म्हणून येतो शेजारच्या विभागातला जीवरसायनतज्ज्ञ. कागदावर दोन शाखा झाल्या. नागलीचा जाणकार बाहेरच!

त्यापेक्षा दोन विद्यापीठांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून एकच अर्ज, एकच नैतिक मान्यता आणि एकच प्रश्न ठेवावा. भट्टीवर गेलेल्या मुलाचे वजन कोणत्या महिन्यात, कशाने घसरते? मुदतही दोन पावसाळ्यांची हवी. ३१ मार्चला हिशेब बंद करणारा प्रकल्प मे महिन्यात परतणाऱ्या मुलाला पाहतच नाही.