पडद्यावरील मुलाखत व आपली तयारी

नोकरीच्या मुलाखतीसाठीं प्रवासखर्चाची जुळवाजुळव करावी, रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठावी, एखाद्या नातलगाकडे उतरावें आणि सकाळीं कचेरीच्या दारांत उभें राहावें, अशी रीत दीर्घकाळ होती. ती सर्वस्वी गेली नाहीं. पण मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हांपासून पुष्कळ ठिकाणीं पहिली मुलाखत झूम, गूगल मीट यांसारख्या साधनांनीं मोबाईलच्या वा संगणकाच्या पडद्यावरच होऊं लागली. गरिबाच्या मुलाचा प्रवासखर्च वांचला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या सोयीबरोबर एक समजूत रूढ होत आहे, ती आम्हांस घातक वाटते. ती अशी कीं, घरीं बसून द्यावयाची परीक्षा सोपी असते, व तिची तयारी ऐन वेळीं उसनी घेतां येते.

बाह्य तयारी आधीं पाहूं. तिला पैसा फारसा लागत नाहीं, विचार लागतो. खिडकीकडे पाठ करून बसल्यास चेहरा काळवंडलेला दिसतो. म्हणून उजेड समोरून यावा. कॅमेऱ्याचें भिंग बहुधा पडद्याच्या वरच्या कडेस असतें. त्यामुळें आपण पडद्यावरील चेहऱ्याकडे पाहून बोललों, तर परीक्षकांस आपली नजर झुकलेली दिसते. बोलतांना भिंगाकडे पाहावें, आणि मोबाईल हातांत न धरतां पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीस टेकवून ठेवावा. आवाज पलीकडे पोंचण्यास किंचित् वेळ लागतो. म्हणून प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यावें. मुलाखत दुबईहून व्हावयाची असेल, तर तेथील अकरा म्हणजे आपले साडेबारा, हें विसरूं नये.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. भिंगास जेवढें दिसतें, तेवढेंच परीक्षकांस दिसतें. म्हणून कोणी मोबाईलमागें हुशार भावास बसवितात, कोणी भिंतीवर उत्तरें चिकटवितात, आणि आतां तर प्रश्न ऐकून उत्तर लिहून देणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनेंही निघालीं आहेत. "सगळेच असें करतात, आमच्याच मुलानें कां मागें राहावें?" असें कांहीं पालक विचारतात. हा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं; त्याच्यामागें पोटाची काळजी असते. पण शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आठवावा. त्यांतील पांचजणींना ऐन वेळीं तेल उसनें मिळालें नाहीं, आणि दार बंद झालें. उसन्या उत्तरांचेंही असेंच आहे. वाचणाऱ्याचे डोळे ओळीबरोबर सरकतात, व अनुभवी माणसाच्या तें ध्यानांत येतें. समजा, नाहीं आलें, आणि मुलगी इस्पितळांत परिचारिका म्हणून लागली. रात्रपाळीस रोग्याची नाडी मंदावेल, तेव्हां उत्तर सांगणारा भाऊ कोठें असेल?

या नव्या साधनांचा आम्ही द्वेष करीत नाहीं. मुलाखतीपूर्वीं त्यांच्याकडून प्रश्न विचारून घ्यावे, आपलीं उत्तरें तपासावीं. तो अभ्यासच होय. परंतु मुलाखत सुरू झाली, कीं आपण आणि आपलें ज्ञान. जें येत नसेल, तेथें "हें मला ठाऊक नाहीं, पण मी शिकेन" असें सरळ सांगावें.

पालकांस एक विनंती. त्या एका तासापुरता कुकर लावूं नये, टीव्ही बंद ठेवावा, धाकट्यांस शेजारीं पाठवावें. एका खोलीच्या घराची लाज वाटून मागें खोट्या दिवाणखान्याचें चित्र लावण्यापेक्षां स्वच्छ भिंत शतपटीनें बरी. गरिबी हा गुन्हा नव्हे. आणि ज्या घरीं तेवढी शांतताही मिळणें शक्य नाहीं, तेथील मुलांसाठीं शाळांनीं पुढें यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. शाळा सुटल्यावर वर्ग रिकामेच असतात. त्यांतील एक खोली, एक टेबल व इंटरनेटची जोडणी माजी विद्यार्थ्यांस मागतांच मिळावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमची मुलाखत अद्याप दूर आहे. पण वर्गांत उभें राहून दोन मिनिटें नीट, खरें व न अडखळतां बोलण्याची संवय आजच लावून घ्या. दिव्यांत तेल घालण्याची वेळ हीच आहे.