आवळ्याची नाडी पाहणार कोण?



थंडी पडू लागली की बाजारात आवळ्याच्या बुट्ट्या दिसू लागतात. बागेतला टपोरा आवळा वेगळा आणि रानातला लहान, तुरट आवळा वेगळा. रानचा आवळा घेऊन बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक दर पाडून मागते आणि वर तिलाच ऐकवते, ‘तुम्ही लोकांनीच फांद्या मोडमोडून रान उजाड केलंत.’ हे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर पूर्वी मीही त्याला मान डोलावली आहे. आज माझे मत तसे राहिलेले नाही. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्याच कर्नाटक राज्याच्या दक्षिण टोकाला, चामराजनगर जिल्ह्यात, बिळिगिरी रंगन नावाचे डोंगर आहेत. तेथे सोलिगा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. रानातला मध, शिकेकाई, आवळा वेचून विकणे हा त्यांच्या पोटाचा एक मोठा आधार होता. 1974 साली तेथे अभयारण्य झाले. फिरती शेती आणि रानात वणवा लावण्याची जुनी चाल बंद पडली. पुढे 2002 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर विक्रीसाठी रानमेवा वेचण्यावरही बंदी आली. वेचणारा हात थांबला की झाड आपोआप सुधारेल, असा त्यामागे हिशेब होता.

पण झाडाची प्रकृती अशी घरी बसून कळत नाही. बंगळूरच्या ‘अशोका ट्रस्ट’चे संशोधक या डोंगरांत आवळ्याच्या दोन जातींचा अभ्यास वर्षानुवर्षे करीत होते. डॉक्टर जसा रोग्याचा कागद ठेवतो तसेच हे काम असते. ठरावीक झाडे निवडायची, त्यांना क्रमांक द्यायचा, खोडाचा घेर मोजायचा, फळ किती आले ते पाहायचे, खाली नवी रोपे उगवली की नाहीत ते मोजायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडापाशी जायचे. एका वर्षात यातून काही हाती लागत नाही. आवळा एखाद्या साली भरभरून येतो आणि एखाद्या साली रुसतो. चांगले वाईट ठरवायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे सोलिगा स्वतः त्यात सामील होते. तोडणीपूर्वी रानात फिरून यंदा फळ किती येईल याचा अंदाज ते सांगत. संशोधक आपली मोजणी त्याच्या शेजारी ठेवीत. या संयुक्त पाहणीचा लेख 2008 साली प्रसिद्ध झाला. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या डोळ्यालाही शास्त्रात जागा आहे, हे त्यातून दिसले.

मग आवळ्याला झाले होते तरी काय? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले की दोन्ही जातींची झाडे घटत आहेत. त्यात फळतोडीचा वाटा त्या मानाने थोडा होता. मोठे वैरी दोन निघाले, एक बांडगूळ आणि दुसरी घाणेरी.

बांडगूळ आपल्याला नवे नाही. आपल्या आंब्यावरही ते बसते. फुलटोच्यासारखे लहान पक्षी त्याचे फळ खातात, चिकट बी फांदीवर पडते आणि तेथेच रुजते. त्याची पाने हिरवी असल्याने अन्न ते स्वतः करते, पण पाणी आणि क्षार झाडाचे चोरते. फळ कमी होते, फांदी वाळते आणि शेवटी झाडही जाते. घाणेरी अमेरिकेतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती आपल्या देशात आणली गेली. तिची दाट जाळी माजली की आवळ्याच्या लहान रोपाला ऊनही मिळत नाही आणि जागाही उरत नाही. म्हातारे झाड मरते आणि त्याच्या जागी नवे उभे राहत नाही.

सोलिगा वडीलधारी माणसे याबाबत एक गोष्ट सांगत आली आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी पालापाचोळ्याला लावलेली मंद आग बांडगूळ आणि घाणेरी दोन्हींना आवरून धरीत असे; ती बंद झाली आणि दोन्ही माजली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यांच्या या ज्ञानाची दखल घेतली. याचा अर्थ आपण उठून आपल्या डोंगराला काडी लावावी असा मुळीच नाही. घाणेरी माजलेल्या रानातली आग आता मंद राहत नाही, ती भडकून झाडे खाते. शिवाय ते बेकायदेशीर आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की, पिढ्यान्‌पिढ्या रान पाहणाऱ्या माणसाला न विचारता निर्णय झाला आणि दोष त्याच्याच माथी आला. 2011 साली वन हक्क कायद्याखाली तेथील ग्रामसभांना रानमेव्याचे हक्क मान्य झाले. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, मग फांद्या मोडणे बरोबर का? नाही. फांदी मोडली की पुढच्या सालचे फळ गेले. ही चूक आपल्या मुलांच्या हातून आणि मोठ्यांच्याही हातून होते. ती थांबलीच पाहिजे. पण एका दिसणाऱ्या चुकीवर सारा ठपका ठेवला की न दिसणारा रोग तसाच वाढत राहतो. ताप मलेरियाचा असताना मुलाला थंड पाणी प्यायल्याबद्दल मारण्यासारखे ते आहे.

म्हणून आपल्या गावांसाठी माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, बांडगुळाची. आपल्या बांधावरचा आंबा, आवळा आजच पाहा. बांडगूळ नुसते ओरबाडू नका, मुळी आत राहते आणि ते पुन्हा फुटते. जेथे ते चिकटले आहे त्याच्या हातभर खालून फांदी कापा आणि कापावर बोर्डो मलम लावा. त्याची फळे पिकण्यापूर्वी हे काम करा, म्हणजे पक्षी बी पसरवणार नाहीत. राखीव रानात मात्र वनखात्याला विचारल्याखेरीज कोयता चालवू नका.

दुसरी, घाणेरीची. पावसाळ्यात जमीन ओली असताना ती मुळासकट उपटा, आणि तीही फळ धरण्यापूर्वी. आवळा, जांभूळ, करवंद यांच्या लहान रोपांभोवतालची जागा आधी मोकळी करा.

तिसरी, वहीची. प्रत्येक वाडीने रानमेव्याची दहा झाडे निवडावीत. मोहोर कधी आला, फळ किती धरले, बांडगूळ किती, खाली रोपे किती, हे शाळेतल्या मुलांनी लिहावे आणि रानात जाणाऱ्या आयाबायांनी सांगावे. वहीला खर्च काही नाही. पाच वर्षांनी ती वही घेऊन आपण अधिकाऱ्यांसमोर बसलो, तर आपले बोलणे कोणी सहज उडवून लावणार नाही.

आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. गरिबाच्या घरी हिवाळ्यात फळ म्हणून पुष्कळदा तेवढेच येते. ते झाड गेले तर बाजारातले महाग फळ त्याची जागा घेणार नाही. त्या ताटात फळच राहणार नाही. तेव्हा पुढच्या बाजाराला बुट्टी घेऊन बसलेल्या त्या बाईशी दरावरून घासाघीस करण्याआधी तिला एक प्रश्न विचारा, ‘बाई, यंदा झाडं कशी आहेत?’ तिचे उत्तर ऐका, आणि वहीत लिहून ठेवा.