निळा पडदा आला म्हणून घाबरू नका



पाऊस लागला की गारगोटीत दोन गोष्टी ठरलेल्या. वेदगंगेचे पाणी चढते आणि लाईट ये-जा करते. अशाच एका दिवशी तिथल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. वडील गवंडीकाम करतात, आई शिवणकाम. पोटाला चिमटा काढून मुलीच्या डिप्लोमासाठी जुना डेस्कटॉप घेतलेला. मुलगी रडवेली झाली होती.

"काका, काम करता करता पडदा निळा होतोय आणि कॉम्प्युटर बंद पडतोय की ओ. माझा प्रोजेक्ट त्यातच आहे."

दुकानदाराने न बघताच सांगितले होते, "मदरबोर्ड गेला असेल, नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल." वडील खर्चाचा हिशेब मांडत गप्प बसले होते.

निळा पडदा म्हणजे संगणकाचे मरण नव्हे. घर वाचवण्यासाठी जसा फ्यूज उडतो, तसेच हे आहे. आत मोठी चूक सापडली की पुढचे नुकसान टाळण्यासाठी विंडोज स्वतःच थांबते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडले. आपल्या देशात काही विमानतळांवर हाताने पास लिहून द्यावे लागले. यंत्रे धडधाकट होती, चूक एका फाइलीत होती! (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा दिसू लागला आहे. अर्थ तोच.)

मग काय करावे?

१) पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्यावर 'स्टॉप कोड' असतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर आधी रॅम तपासा. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर हार्ड डिस्क, तिची वायर किंवा ड्रायव्हर. कोड ही खूण आहे, निकाल नव्हे.

२) संगणक थोडा वेळ जरी चालला तरी आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. दाखले, फोटो, अभ्यास सर्व काही.

३) नुकताच नवा प्रोग्राम किंवा प्रिंटर बसवला का, ते आठवा. शिफ्ट कळ दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा आणि स्टार्टअप सेटिंग्जमधून 'सेफ मोड'मध्ये जा. तेथे संगणक नीट चालला तर दोष बहुधा प्रोग्राममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. नवा बसवलेला काढून टाका.

४) संगणक बंद करून प्लग काढा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मऊ ब्रशने धूळ झाडा. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत घट्ट बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नका.

५) स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधून चालवा. ही तपासणी फुकट आहे.

६) हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर संगणक लगेच बंद करा आणि जाणकाराला दाखवा.

त्या मुलीने फोटोतला कोड वाचला. 'मेमरी मॅनेजमेंट'. सर्व तिच्याच हाताने केले. दोन पट्ट्यांपैकी एक खराब निघाली. दुसऱ्या पट्टीवर संगणक सावकाश, पण न थांबता चालला. प्रोजेक्ट वेळेत गेला. मदरबोर्डला कुणी हातही लावला नाही.

दुकानात जरूर जावे, पण कोडचा फोटो घेऊन जावे. दुरुस्तीवाल्याला विचारावे, "दादा, या कोडवरून दोष कुठे दिसतोय? काय तपासलं?" आणि फाइली हाती आल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये. घामाचा पैसा आणि लेकराचा अभ्यास, दोन्ही असे विचारल्यानेच वाचतात.