आरशाला भिणारी चित्रकला

उत्सवाच्या निमित्ताने देवळांच्या अग्रशाळांत मुलांच्या चित्रकलास्पर्धा भरतात. दिनदर्शिकेवरचा गणपती हुबेहूब उतरविणाऱ्या मुलाच्या पदरी बहुधा बक्षीस पडते. आरशापुढे बसून स्वतःचा चेहरा काढण्यास मुलांना सांगा, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे आत्मपूजन झाले, असा त्यांचा आक्षेप. आम्हांस तो मुळीच मान्य नाही.

आत्मपूजकाला आरसा हवा असतो. मोजमाप नको असते. मोजू लागताच गर्व गळतो. आरशाच्या काचेवर साबणाने आपल्या प्रतिबिंबाची कडा गिरवून पाहावी. ती चेहऱ्याच्या निम्म्याच आकाराची भरते. इतकी वर्षे आरसा पाहूनही हे आपल्या ध्यानी आलेले नसते! नवशिक्याच्या चित्रात डोळे हटकून कपाळावर चढतात. पेन्सिल धरून मोजले, म्हणजे ते माथा व हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर असल्याचे कळते. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतके अंतर असते. कानाचे वरचे टोक भुवईच्या, तर पाळी नाकाच्या तळाच्या रेषेत येते. परंतु हे ठोकताळे पाठ करून भागत नाही. आपली एक भुवई दुसरीहून किती वर आहे, हे आरशालाच विचारावे लागते.

कोणी शास्त्राकडे बोट दाखवील. वराहमिहिराने बृहत्संहितेत प्रतिमेचे कपाळ, नाक व हनुवटी यांस प्रत्येकी ४ अंगुळे दिली आहेत. मूर्तिकाराने ते माप अवश्य पाळावे. मनुष्याचे तोंड त्याहून कोठे व किती वेगळे, हे पाहणे चित्रकाराचे काम. आणि छायाचित्र गिरवून ते साधत नाही. जवळून टिपलेल्या मोबाईलच्या छायाचित्रात तर नाकच फुगलेले असते.

जर्मनीच्या ड्यूररने १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःला रेखाटले. हॉलंडच्या रेम्ब्रांटने १६६९ साली, मृत्यूच्याच वर्षी, आपले सुरकुतलेले तोंड रंगविले. यात गर्व कोणता?

राजोपचारांत आपण देवाला दर्पण दाखवितो. तोच मुलाच्या हाती देताना आपण का कचरावे? येत्या उत्सवात एक तरी स्पर्धा आरशांची ठेवा, आणि बक्षीस सुंदर चेहऱ्याला न देता खऱ्या चेहऱ्याला द्या.