पाहुण्यानं चूक दाखवू नये म्हणे

जर्मनीतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभं राहिलं, की आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या, कथा कानावर येतातच. कुणाच्या निवास-कार्डावर जन्मतारखेतला दिवस नि महिना उलटा छापून आला, कुणाच्या आडनावातलं एक अक्षर गळलं, कुणाला नोकरीची परवानगी असताना सोबतच्या पुरवणी कागदावर भलतीच अट चिकटली. मग कुणीतरी जुनेजाणते काका समजावतात, "राहू दे रे. आपण इथे पाहुणे. उगाच साहेबाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? पुढच्या नूतनीकरणाला बघू."

सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि त्यामागची भीतीही खोटी नाही. आज ज्या टेबलाकडे तक्रार करायची, उद्या त्याच टेबलावर मुदतवाढीचा अर्ज जाणार आहे. मोठ्या शहरांत नुसती भेटीची वेळ मिळता मिळत नाही. तरीही हा सल्ला साफ चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या पाहुणेपणाचं बघू. पगारातून आयकर आणि पेन्शनचा हप्ता कापला जातो, तेव्हा आपल्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. निवास-परवाना हा कायद्याच्या कलमांनुसार काढलेला प्रशासकीय आदेश असतो, त्यात मेहेरबानीचा प्रश्न येत नाही. असे आदेश लिहिताना माणसं चुकणार, हे जर्मन कायद्यानं गृहीतच धरलं आहे. तिथल्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याचं बेचाळिसावं कलम अवघं काही ओळींचं आहे: लेखनातल्या, आकडेमोडीतल्या आणि तत्सम उघड चुका कचेरी केव्हाही दुरुस्त करू शकते, आणि संबंधित माणसाचं त्यात रास्त हित असेल तर तिला त्या दुरुस्त कराव्याच लागतात. कराव्याच लागतात! राज्यांच्या कायद्यांतही हीच तरतूद आहे. शिवाय युरोपच्या माहिती-संरक्षण नियमाचं सोळावं कलम आपल्याबद्दलची चुकीची माहिती विनाविलंब सुधारून घेण्याचा हक्क देतं. साहेबाच्या डोळ्यांवर येण्याची भीती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की अशी दुरुस्ती मागणं हे त्या कचेरीच्या नेहमीच्या कामातलंच एक काम आहे.

"नूतनीकरणाला बघू" हे तर त्याहून धोक्याचं. निवास कायद्यानुसार परवान्याची प्रत जवळ ठेवणं आणि काम करायला मुभा आहे की नाही हे तपासणं मालकाला बंधनकारक आहे. पुरवणी कागदावर चुकीची अट असली, तर कंपनीतल्या मनुष्यबळ खात्यातल्या बाई कितीही सज्जन असोत, त्या छापलेल्या ओळीलाच मानणार. शिवाय प्रत्येक चूक 'उघड' नसते. तीन वर्षांचा हक्क असताना एकच वर्ष दिलं, तर ती लेखनातली चूक नव्हे, निर्णयातली चूक. तिला आव्हान द्यायची मुदत साधारण एक महिना असते, आणि दाद कुठे मागायची हे आदेशात सांगितलंच नसेल तर एक वर्ष. नूतनीकरणाची वाट पाहणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटतात.

गप्प बसल्यानं चूक विरून जाते, या समजाला ब्रिटनचा इतिहास पुरेसं उत्तर देतो. 1973 पूर्वी कॅरिबियन आणि इतर राष्ट्रकुल देशांतून तिथे कायदेशीर स्थायिक झालेल्यांकडे सरकारनंच वर्षावर्षाचे पुरावे मागितले. त्यांतल्या अनेकांची बंदरावर भरलेली जुनी आगमन-कार्डं गृहखात्यानं 2010 मध्ये नष्ट केली होती. 2018 मध्ये हे विंडरश प्रकरण गाजलं, तोवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि काहींना देशाबाहेरही काढलं गेलं होतं. कार्यालयाची नोंद हरवली तरी झळ बसते ती ज्याची नोंद आहे त्याला. म्हणून दुरुस्ती मागितल्याचा कागद आपल्या फाइलीत असलाच पाहिजे.

याच्या उलट टोकाची मंडळीही भेटतात: "वकील लावा, कोर्टात खेचा." त्यांच्यापाशी फार वेळ थांबायला नको. कचेरीनं सबळ कारणाशिवाय तीन महिने अर्ज तसाच ठेवला, तर निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. ते हत्यार आहे आणि ते माहीत असावं, पण एका गळलेल्या अक्षरासाठी ते पहिल्याच दिवशी उपसायचं नसतं.

"जर्मन माणूस चुकत नाही, तुझाच फॉर्म चुकला असेल," म्हणणाऱ्यांत मात्र थोडं तथ्य आहे. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात बसतं. त्यामुळे जर्मन कागदांवर नवरा किंवा वडीलही आपल्या नावात नांदू लागतात. ती तिथल्या कारकुनाची चूक नव्हे. पासपोर्टात आहे तेच त्यानं उतरवलं. तिथे भारतीय वकिलातीचं दार ठोठावावं लागतं. म्हणून कार्ड हातात पडताच ते पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं, आणि मगच पत्र लिहायला बसावं.

पत्रात काय असावं? चूक कुठे आहे, बरोबर काय आहे, पुराव्याची प्रत, बेचाळिसाव्या कलमाचा उल्लेख आणि उत्तरासाठी एक तारीख. आवाज चढवायची गरज नाही आणि "कृपावंत होऊन" छापाची अजिजीही नको. पोच मिळेल अशा रीतीनं ते पाठवावं. पत्र जर्मनमध्येच हवं, कारण त्याच कायद्याचं तेविसावं कलम सांगतं की कचेरीची भाषा जर्मन. व्याकरण थोडं लंगडलं तरी काही बिघडत नाही, आपल्या पत्रातल्या तारखा तेवढ्या बिनचूक हव्यात.