जाहिरात बघून शेअर घेताना

नव्या कंपनीचा आयपीओ आला की आता आपल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातही त्याची चर्चा होते. डीमॅट खातं मोबाईलवरच निघतं, यूपीआयने अर्ज जातो. पण हजारो कंपन्या असताना आपली नजर नेमकी हिच्यावरच का गेली? बहुतेकदा जाहिरातीमुळे.

जानेवारी 2008 मधला रिलायन्स पॉवरचा आयपीओ आठवा. टीव्हीवर, पेपरात, होर्डिंगवर, जिकडे तिकडे तीच जाहिरात. कंपनीचा वीज बनवणारा एकही प्रकल्प तेव्हा सुरू नव्हता, होते ते कागदावर. तरी सुमारे साडेअकरा हजार कोटींच्या इश्यूला 70 पटींहून जास्त मागणी आली. छोट्या गुंतवणूकदारांना शेअर 430 रुपयांना पडला. 11 फेब्रुवारीला तो बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी 372 च्या आसपास बंद झाला. मधल्या काळात जगभरचे बाजार कोसळले होते हे खरं, सगळा दोष जाहिरातीवर टाकता येणार नाही. पुढे 5 शेअरमागे 3 बोनस मिळाले, म्हणजे एक शेअर साधारण 269 रुपयांना पडला. आजचा भाव त्याच्या कितीतरी खाली आहे.

कागदावरच्या त्या प्रकल्पांत आपल्या विदर्भातला बुटीबोरीचाही होता. नागपूरला जाताना वाटेतच लागतो. तो उभा राहिला, चालला, 2019 मध्ये बंद पडला, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2025 मध्ये अदानी पॉवरने घेतली.

हे असं का होतं? विकताना माणूस आपल्याकडचे चार शेअर बघतो. घेताना मात्र पूर्ण बाजार समोर असतो, मग जे नाव कानावर पडलंय तेच घेतो. डाँग लोऊ या अभ्यासकाने 2014 मध्ये अमेरिकी कंपन्यांवर संशोधन छापलं. जाहिरातीचा खर्च वाढला की लहान गुंतवणूकदारांची खरेदी आणि भाव दोन्ही वाढतात, नंतर परतावा घसरतो. आणखी एक गोष्ट त्यात आहे, मला तीच जास्त खटकते: कंपनीतले बडे लोक स्वतःचे शेअर विकायच्या आधी जाहिरातीचा खर्च वाढलेला दिसतो. साबण खपवायला केलेली जाहिरात शेअरही खपवते, बघा.

आपल्या घरांत लक्ष खेचणारा आणखी एक शब्द आहे, ‘हलाल’. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने त्याच शब्दावर हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गोळा केले आणि 2019 मध्ये ती बुडाली. ती शेअर बाजारातली कंपनी नव्हती, पण लक्ष वेधण्याची रीत तीच. खऱ्या शरिया निर्देशांकात कंपनीचा धंदा काय, कर्ज किती, व्याजाची कमाई किती, हे आकडे तपासतात. जाहिरातीत यातलं काही नसतं. आयपीओच्या माहितीपत्रकात मात्र कर्ज, चालू प्रकल्प, चालू खटले सगळं छापावंच लागतं; सेबीच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचायला मिळतं. रिलायन्स पॉवरचे प्रकल्प सुरू झालेले नाहीत, हेही तेव्हा त्यात लिहिलेलंच होतं.