पहिला नवस

लालबागच्या राजाच्या रांगेत कोणी नोकरीसाठी उभे असते, कोणी मुलाच्या व्हिसासाठी. या गणपतीला बोललेला पहिला नवस मात्र पाटी टेकायच्या जागेचा होता. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला आणि कोळी मंडळी, लहान विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला साकडे घातले. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह आणि इतरांनी खटपट केली, जमीनमालक तय्यबअलींनी भूखंड दिला आणि १९३४ साली राजा बसला. कोळी इथले मूळचे, बाकीचे कुठून कुठून आलेले. एका बाजाराने त्यांचे एक लालबाग केले.

त्यांचे गिऱ्हाईकही परमुलखातलेच. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंकांची उतरंड, वर वळकट्या. मनिऑर्डर गावी जाई, शिमग्याला पाय गावाकडे वळत. तरी वाण्याच्या वहीत नाव चढले, खानावळवाली बाई पगारापर्यंत थांबू लागली आणि माणूस परळचा झाला. जिथे उधारी मिळते, तो आपला मोहल्ला. पण उधारीला दोन्हीकडून ठावठिकाणा लागतो: घेणाऱ्याला खोली, देणाऱ्याला दुकान.

आज स्टेशनबाहेर ‘गाडी आली!’ अशी हाळी उठली की जौनपूरचा भाजीवाला गोणपाटाची चार टोके एकत्र ओढून पळतो. शेजारची कोळीणही ओली पाटी डोक्यावर चढवून त्याच बोळात शिरते. भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण, हे पालिकेची गाडी विचारत नाही. ते आपण मागाहून, सभेत विचारतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण सांगितले, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आणि सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवू नये, असेही बजावले. इतकी वर्षे उलटली, तरी हाळी तीच आहे.

परप्रांतीय इथे मिसळत नाहीत, ही तक्रार आपण रोज करतो. पण जो उद्या कुठे बसेल हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याच्याकडे उधारी कोण ठेवणार? आणि गणपतीच्या वर्गणीची पावती फाडायला मंडळाच्या पोरांनी त्याला शोधायचे तरी कुठे?